आधी शाफ्ट बघा, मग दिवा: जुन्या फोर-व्हील ड्राइव्हची दुखणी

या वेळच्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयावरची आहेत. जुनी गाडी, बरेच दिवस न वापरलेला फोर-व्हील ड्राइव्ह, आणि ऐन चिखलात त्यानं दिलेला दगा. शेवटची ओळही बहुतेक पत्रांत तीच: "मेस्त्री म्हणतात, ट्रान्सफर केस उतरवावी लागेल." ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी. माझी कळकळीची विनंती आहे की ती इतक्यात उतरवू नका. आधी अर्धा तास गाडीखाली आडवे व्हा आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे ट्रान्सफर केसकडून पुढच्या एक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याकडे, बघा. इंजिनाचा जोर नक्की कुठं येऊन थांबला, हे त्या एका शाफ्टवरून कळतं. ते कळल्याशिवाय केलेला खर्च म्हणजे अंधारात मारलेला दगड. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत असे दगड मीही मारले आहेत आणि त्यांचा भुर्दंड गाडीमालकांना पडला आहे. म्हणून हे इतकं आग्रहानं सांगतोय.

प्रश्न: काका, माझी गाडी १९९६ची, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हची आहे. पुढच्या हबवर (चाकाच्या मध्यावर) चाक शाफ्टला जोडायचे-सोडायचे, हातानं फिरवायचे लॉक आहेत. लिव्हर फोर हायला (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकला की डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लागतो. दोन्ही हब लॉकवर असतात. तरी चिखलात मागची चाकं गरागरा फिरतात आणि पुढची ढिम्म हलत नाहीत. ट्रान्सफर केसची चेन गेली असं सांगतात. उतरवू का?

उत्तर: नको, थांबा. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द "ढिम्म" हा आहे. ताणलेली चेन मुकाट्यानं जात नाही. जोर पडला की ती दात सोडून उडी मारते आणि पायाखाली कडाड-कडाड असा आवाज येतो. एकदा ऐकलेला तो आवाज माणूस विसरत नाही. तुम्ही आवाजाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मला चेनपेक्षा पुढच्या टोकाचा जास्त संशय येतो.

दिवा लागतो म्हणून ड्राइव्ह पोचला, असं धरून चालू नका. ट्रान्सफर केसच्या अंगावर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. आतली फोर्कची (दात सरकवणाऱ्या काट्याची) दांडी सरकली की स्विचची गोळी दाबली जाते आणि दिवा पेटतो. दांडी सरकली, एवढीच बातमी तो देतो. तिथून पुढं प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी), हाफ शाफ्ट (तिथून एकेका चाकाकडे जाणारा दांडा) आणि हब एवढा रस्ता बाकी असतो, आणि त्यातलं दिव्याला काहीच ठाऊक नसतं. याच्या उलटही होतं. स्विच गंजतो, दिवा लागत नाही, आणि ड्राइव्ह मात्र ठणठणीत असतो.

आता तपासणी. मऊ, मोकळ्या मातीवर गाडी हळू चालवत लिव्हर फोर हायला टाका आणि पाच-दहा मीटर सरळ पुढं न्या, म्हणजे आतले दात नीट बसतील. मग सपाट, टणक जागेवर उभी करा. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, हब दोन्ही लॉकवर. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि एक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. दुसरं पुढचं चाक जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक दोन्ही हातांनी फिरवा आणि कुणाला तरी पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर नजर ठेवायला सांगा.

चाक दोन-चार बोटं हललं आणि अडलं, तर ट्रान्सफर केसपासून हबपर्यंत सगळं जोडलेलं आहे. दातांमधली तेवढी ढील जुन्या गाडीत असतेच. चाक फिरलं आणि त्याबरोबर शाफ्टही फिरला, तर हब आणि एक्सल चांगले आहेत, दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या लिव्हरच्या जोडणीत आहे. आणि चाक गरकन फिरलं पण शाफ्ट जागचा हलला नाही, तर दोष ट्रान्सफर केसच्या पुढं आहे; केसबद्दल ही चाचणी अजून काही सांगत नाही. एखादं हब धरत नाही किंवा आत एखादा हाफ शाफ्ट तुटला आहे.

तुमच्या गाडीत हे तिसरंच निघेल असं मला वाटतं. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. दोनपैकी एकच हब सुटलं तरी दोन्ही पुढची चाकं जातात. साधा डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी जोडणी, कमी अडथळ्याच्या बाजूला धावतो. एका बाजूचा हाफ शाफ्ट हबमध्ये नुसताच फिरत राहिला, तर सगळी फिरकी तिकडंच वाया जाते आणि जमिनीवरच्या चांगल्या चाकाला काही मिळत नाही. तेव्हा "दोन्ही हब एकदम कसे जातील?" ही शंका मनातून काढून टाका. एक पुरेसं असतं.

हब उघडताना दोन्ही उघडा, वय दोघांचं एकच आहे. टोपीचे बोल्ट काढले की आत दातेरी कडं दिसेल. ते स्प्रिंगच्या जोरावर सरकून शाफ्टच्या दातांवर बसायचं असतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या हबमध्ये ग्रीस वाळून जुन्या साबणाच्या वडीसारखं झालेलं असतं. पिवळट, कडक, नखानं खरवडलं तर पापुद्रे निघतात. बाहेरची चकती लॉकवर फिरते, आतली स्प्रिंग दाबली जाते, पण कडं त्या साबणात रुतून बसलेलं असतं. डिझेल आणि जुना टूथब्रश घ्या, सगळं धुऊन कोरडं करा. मग दातांच्या कडांवरून नख फिरवा. कड टोचली तर दात चांगले आहेत. गोल लागली तर हब बदलायला झालं आहे, कारण ते जोर पडला की निसटणार. बसवताना ग्रीसचा नुसता हात फिरवा. बेअरिंगसारखं ग्रीस ठासून भरण्याची चूक फार लोक करतात आणि त्यामुळंच कडं पुन्हा अडकतं. टोपी बसवताना चकती फ्रीवर असू द्या, रबरी रिंग नवी घाला, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. बऱ्याच हबची टोपी मऊ धातूची असते, आटे लगेच जातात. मग वरची चाचणी पुन्हा करा.

हातानं सोडा-जोडायचे हे हब आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली युद्धातून उरलेल्या जीपसाठी विकायला आणले. साध्या रस्त्यावर पुढचा सगळा सांगाडा उगाच फिरू नये, हा त्यांचा हेतू होता. तेव्हापासून या हबची मागणी एवढीच आहे की महिन्यातून एकदा ते फिरवावेत.

प्रश्न: डांबरी रस्त्यावर पाऊस थांबला होता, तरी मी फोर हायमध्येच तीन-चार किलोमीटर गेलो. वळताना स्टिअरिंग जड झालं, गाडी उड्या मारल्यासारखी चालली, आणि आता लिव्हर टू हायला (नुसती मागची चाकं) येतच नाही. जोर लावला तरी नाही. पुढचे दोन टायर नुकतेच नवे घातले आहेत, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर: आहे, आणि तो फार जवळचा आहे. जोर लावणं मात्र आधी थांबवा.

पार्ट-टाइम पद्धतीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. मध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मोठ्या कमानीवरून जातात आणि मागची आतून, म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं. माती, वाळू, चिखल असेल तर चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. दोरीला पीळ भरावा तसा. लिव्हरच्या आतले दात त्या पिळानं एकमेकांवर दाबले जातात, म्हणून लिव्हर निघत नाही. तो मोडलेला नाही, दाबला गेला आहे.

टायरचा हिशोब करून बघू. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल धरा आणि तुमच्या मागच्या झिजलेल्या टायरची २. त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक, म्हणजे घेरात जवळजवळ ३८ मिलिमीटर. ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर होतो सुमारे २.२ मीटर, आणि ते एका किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेरे घेतं. फेऱ्यामागं ३८ मिलिमीटर म्हणजे किलोमीटरमागं सुमारे १७ मीटर. अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा, एकही वळण न घेता, तुमची पुढची चाकं मागच्यांपेक्षा दर किलोमीटरला १७ मीटर जास्त जायला बघत होती. आता लिव्हर का अडकला ते तुमच्या लक्षात येईल.

सोडवायचं कसं? गाडी मऊ मातीवर नेता आली तर न्या आणि सरळ रेषेत दहा-पंधरा मीटर मागं घ्या. मागं जाताना क्लच दाबून लिव्हर हलक्या हातानं ओढून ठेवा. पीळ उलटा सुटतो आणि लिव्हर एका क्षणी आपोआप हातात येतो. तेवढ्यानं नाही झालं तर सपाट जागी ठोकळे लावून पुढचं एक चाक जॅकवर घ्या. चाक जमिनीवरून सुटताना झटक्यात फिरतं, म्हणून त्या वेळी हात, पाय, चेहरा सगळं लांब ठेवा. हा झटका मी जवळून पाहिलाय, पाना हातातून उडून जाईल एवढा असतो.

लिव्हरवर पाइप घालून ओढू नका. खूप वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं. लिव्हर आला, पण आतला फोर्क वाकला. नंतर ट्रान्सफर केस अर्धीच जोडली जायची आणि जोर पडला की दात करकरायचे. मालकाला लांब जायचं होतं. शेवटी पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून गाडीच्या मागं टाकला आणि त्यांना नुसत्या मागच्या चाकांवर पाठवलं. पार्ट-टाइम गाडीत अडचणीच्या वेळी हा उपाय चालतो, तो लक्षात असू द्या. पण फोर्कचा खर्च माझ्या घाईमुळं झाला, ती रुखरुख आजही आहे.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. खडूनं टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी बरोबर एक फेरा ढकला आणि अंतर मोजा. चारही चाकांचं मोजा. हवा भरल्यावर मोजा, कारण कमी हवेचं चाक कमी अंतर दाखवतं.

प्रश्न: फोर-व्हील टाकल्यावर चिखलात चारही चाकं फिरायला हवीत ना? माझी दोनच फिरतात, एक पुढचं आणि एक मागचं, तीही तिरकस.

उत्तर: तुमच्या गाडीत काही बिघाड नाही. दोन्ही एक्सलमध्ये साधे डिफरन्शियल असतील तर असंच होतं. प्रत्येक एक्सलवर ज्या चाकाला पकड कमी, ते फिरतं. पुढचं एक फिरतंय म्हणजे पुढचा ड्राइव्ह पोचतोय. अडकल्यावर एक युक्ती करून बघा. चाक फिरत असताना ब्रेक किंचित दाबा, म्हणजे मोकळ्या चाकाला अडथळा मिळतो आणि थोडा जोर दुसरीकडं जातो. बऱ्याचदा तेवढ्यानं गाडी निघते.

प्रश्न: मागच्या एक्सलमध्ये आवाज येत होता म्हणून वापरलेला, चांगल्या स्थितीतला एक्सल त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा बसवून घेतला. टू हायमध्ये गाडी सुरेख चालते. पण फोर हाय टाकलं की चिखलातही ब्रेक लावून चालवल्यासारखी वाटते, कण्हते, आणि एकदा पुढच्या शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला चौफुली तुकडा) तुटला. तीन ठिकाणी दाखवली. कुणी ट्रान्सफर केस म्हणतं, कुणी बेअरिंग.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी दुसऱ्या सगळ्या पत्रांआधी हे उत्तर लिहायला घेतलं, कारण पुढचा क्रॉस तुटला म्हणजे गोष्ट धोक्याच्या पातळीला गेली आहे. हे दुरुस्त होईपर्यंत फोर-व्हील अजिबात टाकू नका. टू हायमध्ये, हब फ्रीवर ठेवून चालवायला हरकत नाही.

माझा अंदाज असा की नव्या एक्सलचा क्राउन-पिनियनचा रेशो पुढच्यापेक्षा वेगळा आहे. एकच मॉडेल, पण इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा किंवा टायरचं माप वेगळं असेल तर कारखान्यातूनच वेगळा रेशो येतो. बाहेरून दोन्ही एक्सल अगदी जुळ्यासारखे दिसतात. बोल्टही जुळतात. म्हणून कुणाला संशय येत नाही.

समजा पुढं क्राउनला ३७ आणि पिनियनला ९ दात आहेत, म्हणजे रेशो ४.११. मागं आलेल्या एक्सलमध्ये ४१ आणि ९, म्हणजे ४.५६. ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट सारखेच फिरवते. मग मागची चाकं १०० मीटर जातील तेवढ्यात पुढच्यांना जवळजवळ १११ मीटर जायचं असतं. वरच्या पत्रातला टायरचा फरक पावणेदोन टक्क्यांचा होता, हा अकरा टक्क्यांचा आहे. एवढा फरक चिखलसुद्धा जिरवू शकत नाही. ज्याचा जीव लहान, ते तुटतं. तुमच्या गाडीत तो क्रॉस होता.

अंदाजावर काही विकत घेऊ नका, मोजा. खडू आणि एक मदतनीस पुरे. मागच्या एक्सलपासून सुरू करू. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना भक्कम ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. ठोकळे भक्कम हे पुन्हा लिहितो, कारण या वेळी गाडीला दुसरं काहीच धरून ठेवत नाही. मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. टायरवर खाली एक खूण, प्रोपेलर शाफ्टवर एक खूण. आता चाक बरोबर १० फेरे फिरवा आणि मदतनीसाला शाफ्टचे फेरे मोजू द्या.

एक चाक जमिनीवर अडलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. म्हणून १० फेऱ्यांत क्राउन ५ वेळा फिरतो. रेशो ४.११ असेल तर शाफ्ट साडेवीस फेऱ्यांच्या किंचित पुढं थांबेल. ४.५६ असेल तर पावणेतेवीस. दोनच फेरे मोजले तर फरक अर्ध्या फेऱ्याहून कमी येतो आणि डोळा फसतो, म्हणून दहा. मग पुढच्या एक्सलची पाळी. मागच्या चाकांना ठोकळे, लिव्हर टू हायला, हब दोन्ही लॉकवर, आणि तोच खेळ. मागं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एका चाकाला एकटं फिरू न देणारा) असेल तर एकटं चाक फिरणार नाही. तेव्हा दोन्ही चाकं उचलून एकाच दिशेनं, बरोबरीनं फिरवा आणि एका फेऱ्याला एक रेशो असा हिशोब धरा.

दोन आकडे जुळले नाहीत तर दुखणं सापडलं. दोन्हीपैकी कुठलाही एक एक्सल दुसऱ्याशी जुळवा. सहसा जुन्या एक्सलचा क्राउन-पिनियन शाबूत असेल आणि आवाज नुसत्या बेअरिंगचा असेल, तर तोच दुरुस्त करून परत बसवणं सोपं. जुना एक्सल भंगारात दिला नसेल अशी आशा करतो. आणि क्रॉस बदलताना शाफ्टचे दोन भाग वेगळे केले असतील तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का ते बघा. एक दात जरी चुकीचा बसला तरी शाफ्ट थरथरतो आणि नवा क्रॉसही लवकर जातो. काढण्याआधी खूण करायची सवय इथं कामी येते.

प्रश्न: सुपर सिलेक्टची (मित्सुबिशीची फोर-व्हील पद्धत) जुनी पजेरो आहे. फोर हायला टाकल्यावर डॅशवरचे पुढच्या चाकांचे दिवे लुकलुकत राहतात, स्थिर होत नाहीत. सकाळी थंड असताना कधीकधी होतात.

उत्तर: तुमच्या गाडीला हब लॉक नाहीत. पुढच्या एक्सलवर शाफ्ट जोडणारी-सोडणारी एक क्लच आहे (पायाखालची नव्हे), ती व्हॅक्यूमवर सरकते आणि सरकल्यावर एक स्विच दिव्याला स्थिर करतो. लुकलुकणं म्हणजे "सांगितलंय, पण अजून झालं नाही." "कधीकधी होतं" असं तुम्ही लिहिलंय त्यावरून रबरी नळ्या आठवतात. इतक्या वर्षांत त्या टोकाशी चिरतात. प्रत्येक नळी काढा, टोक वाकवून बघा, चीर असेल तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा. सगळ्या कडक झाल्या असतील तर सगळ्याच बदला. मग अॅक्च्युएटरच्या (क्लच सरकवणाऱ्या व्हॅक्यूमच्या डब्याच्या) नळीवर हातपंप लावून व्हॅक्यूम द्या. काटा खाली येत राहिला तर आतला पडदा फाटलाय. काटा टिकला आणि क्लच सरकल्याचा खट आवाज आला, तर अॅक्च्युएटर चांगला आहे. मग इंजिनच्या खोलीतले दोन सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आणि त्यांचे कनेक्टर बघा. क्लच सरकतेय आणि दिवे तरीही लुकलुकतात, तर बिचारा स्विच तेवढा गेलाय.

प्रश्न: उतारावर फोर लोमधून (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) लिव्हर सुटून न्यूट्रलला येतो. दोनदा झालं.

उत्तर: हे गंभीर आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली की इंजिनचा ब्रेक एका क्षणात जातो, आणि गाडी गिअरमध्ये असूनही मोकळी धावते. दुरुस्त होईपर्यंत उताराला जाऊ नका. लिव्हरभोवतीचं रबर आणि कव्हर काढून गाडी चालवून बघा. जाड मॅटिंग किंवा फाटकं रबर लिव्हरला पूर्ण टोकापर्यंत जाऊ देत नाही, हे कारण मी कितीतरी वेळा पाहिलंय. मग गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग बसलंय का आणि लिव्हरच्या दांड्यांचे बुश ढिले आहेत का ते बघा. हे सगळं ठीक असेल तरच आतली गोळी-स्प्रिंग आणि झिजलेले दात.

एक दुरुस्ती: ऑटोमॅटिक हब सुटत नसतील तर टू हाय टाकून गाडी दोन-तीन मीटर मागं घ्या, असं मी याआधी लिहिलं होतं. एका वाचकानं कळवलंय की फोर-व्हीलमध्ये असतानाही चढावरून मागं घेताना त्यांचे हब क्षणभर सुटले आणि गाडी घसरली. त्यांचं बरोबर आहे, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. काही जातींचे ऑटोमॅटिक हब दिशा बदलली की सुटतात आणि मग पुन्हा धरतात. त्या मधल्या क्षणात पुढच्या चाकांना ना जोर मिळतो ना इंजिनचा ब्रेक. अवघड चढणीची गाडी असेल तर हातानं फिरवायचे हब बसवून घ्या.

प्रश्न: सदैव चारही चाकांवर चालणारी, मध्ये डिफरन्शियल असलेली गाडी आहे. काल अचानक उभी राहिली. गिअर पडतो, इंजिन चालतं, खालून गरगर आवाज येतो, पण हलत नाही. क्लच गेली का?

उत्तर: मधल्या डिफरन्शियलचं लॉक लावून बघा. गाडी निघाली, तर क्लच आणि गिअरबॉक्स दोन्ही चांगले आहेत आणि एखादा हाफ शाफ्ट, ड्राइव्ह फ्लँज किंवा प्रोपेलर शाफ्ट तुटलाय. १९७०च्या रेंज रोव्हरपासून किंवा १९७७च्या लाडा निवापासून या पद्धतीच्या सगळ्या गाड्यांना हा एकच नियम लागू आहे: कुठंही एक मोकळं टोक मिळालं की मधला डिफरन्शियल सगळा जोर तिथं ओततो. लॉक लावून हळूहळू घरापर्यंत या. पण कोरड्या रस्त्यावर जोडीचे दोन्ही एक्सल शाबूत असताना लॉक लावायचं नसतं, हे विसरू नका.

उभी करताना एक काळजी घ्या. अशा काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागं, शाफ्टवर असतो. मागचा हाफ शाफ्ट तुटलेला असेल आणि मधलं लॉक काढलेलं असेल, तर तो हँडब्रेक गाडी धरत नाही. चाकाला ठोकळा लावल्याशिवाय खाली उतरू नका.

प्रश्न: ओढा ओलांडल्यावर आठवड्यानं पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल बघितलं तर दुधाळ पांढरं. सील बदलले की झालं ना?

उत्तर: सील बदला, पण आधी ब्रीदर बघा. एक्सलच्या माथ्यावर छोटी टोपी किंवा नळी असते. चालून चालून गरम झालेला एक्सल एकदम थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर चिखलानं बंद असेल तर ती ओढ सीलवर येते आणि पाणी सीलच्या ओठातून आत जातं. नवं सीलही असंच हरेल. ब्रीदर साफ करा आणि नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेऊन बांधा.

ऑइल काढण्याआधी भरायचा, वरचा प्लग सुटतोय याची खात्री करा. खालचा काढून सगळं ऑइल सांडल्यावर वरचा गंजून बसल्याचं कळलं, तर गाडी जागेवर अडकते. दुधाळ ऑइल काढल्यावर साधं ऑइल भरून चार-पाच किलोमीटर हळू चालवा, तेही काढा, मग चांगलं भरा. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल लागतं. ट्रान्सफर केसला मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला, कारण काहींना गिअर ऑइल लागतं आणि काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ, लालसर तेल. पातळी वरच्या प्लगच्या भोकात करंगळी घालून बघायची. तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे.

खालच्या प्लगला चुंबक असेल तर तो पुसण्याआधी उजेडात धरा. करड्या रंगाचा, बोटांत विरघळणारा लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. त्यात टोकदार, चमकणारा तुकडा सापडला तर तो फेकू नका. कागदात गुंडाळून ठेवा. पुढं झाकण उघडाल तेव्हा तो कुठल्या दाताचा आहे, हे जुळवून बघता येईल.